आधी ठिपके पाहा, मग बिंदू

प्रतापनगरहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यातला कामाचा भाग असा:

"आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, २००७ साली बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा मुंबईच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी त्यांना फ्रेम केलेलं एक चित्र भेट दिलं. मधोमध मोठा काळा गोल, भोवती त्रिकोण आणि लाल-पिवळे-केशरी पट्टे. चित्राखालच्या पांढऱ्या जागेत डावीकडे पेन्सिलीनं ७८/१०० लिहिलंय, उजवीकडे इंग्रजीत रझा अशी सही आहे. हे रझा आपल्या नागपुरात शिकले, असं मामाजी आल्यागेल्याला सांगायचे. मागच्या दिवाळीत मामाजी गेले. आता वाटणीत चित्राचाही विषय निघाला. पुतण्यानं मोबाइलवर रझांचं चित्र पन्नास कोटींना गेल्याची बातमी दाखवली, तेव्हापासून घरात कोणी नीट जेवत नाही. भासऱ्यांच्या ओळखीचा एक इंटिरियरवाला पंचवीस हजार रोख देतो म्हणतो, रविवारी येणार आहे. धाकटे भाऊजी म्हणतात, स्कॅन करून तिघा भावांना तीन प्रती काढू. कागदावर तपकिरी डाग पडलेत, तर नवीन फ्रेम करून घ्यावी का? आणि मुख्य म्हणजे हे खरं आहे का, असलं तर केवढ्याचं?"

ताई,

रविवार जवळ आलाय, म्हणून त्याचं आधी. माणूस आला तर चहा द्या, चित्र देऊ नका. पंचवीस हजार कमी की जास्त हे मला इथं बसून सांगता येत नाही. त्यालाही भिंतीकडे दोन मिनिटं पाहून ते कळलेलं नाही. त्याला कळलंय ते एवढंच, की तुमच्या घरात कोणालाच काही माहीत नाही. शिवाय वस्तू तिघा भावांची आहे. एकाच्या ओळखीवर ती रोखीत गेली आणि उद्या कुठं दीड लाखाला दिसली, तर पुढच्या प्रत्येक पोळ्याला आणि दिवाळीला तोच विषय निघेल.

पुतण्याची बातमी खरी आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या लिलावात सय्यद हैदर रझांचं 'जेस्टेशन' हे १९८९ चं चित्र ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. पण ते कॅनव्हास होतं. रझांनी स्वतः रंगवलेलं, जगात एकच. तुमच्या भिंतीवर आहे तो छापलेला कागद, आणि त्याला निदान नव्याण्णव सख्खी भावंडं आहेत. दोन्हींवर नाव एकच असलं तरी बाजारात त्यांचे हिशेब पूर्ण वेगळे चालतात. रझांचे सही केलेले, क्रमांक असलेले सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीननं छापलेली चित्रं, साधारण काही दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत विकले जातात. कोटी हा शब्द तेवढा घरातून काढून टाका, जेवणं सुरू होतील.

मामाजी सांगायचे तेही खरंच. रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे.त गेले आणि १९५० मध्ये पॅरिसला. आणखी एक सांगतो, चित्रकार वासुदेव गायतोंडे तर जन्मलेच नागपुरात, १९२४ साली. आपण नागपूरकर त्यांना आपलं म्हणतो, म्हणावंही. बाजार मात्र त्यासाठी एक रुपया जास्त मोजत नाही.

आता मी कोण सांगणारा? नागपूरच्या महाल भागात पस्तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं. लग्नपत्रिका, मंडळांची बॅनरं, दुकानांची स्टिकरं. चित्रकलेतलं मला फार कळतं असा दावा नाही. पण कागदावर शाई कशी बसते ते कळतं, आणि तुमचा प्रश्न बराचसा तिथंच सुटतो. अशी वस्तू हातात आली की लोक पहिल्यांदा सही पाहतात. मी सही शेवटी पाहतो. सही खोटी करायला एक पेन्सिल आणि एक दुपार पुरते. छपाई खोटी करायला त्याहून बरंच काही लागतं.

इतवारीच्या सराफ्यात ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्याकडून हिरे पाहायचं दहा पटीचं भिंग तासाभरासाठी मागून आणा. त्यातून नीट दिसायला ते वस्तूपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. फ्रेमची काच दोन-तीन मिलिमीटरची, आतला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणखी दोनेक मिलिमीटर. म्हणजे फ्रेम न उघडता काचेवरूनच काम होतं. संध्याकाळी खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूनं, अगदी तिरपा धरा. समोरून धरलात तर काच तेवढी चमकेल.

आधी केशरी पट्टा पाहा. भिंगाखाली तो पिवळ्या आणि गुलाबी बारीक ठिपक्यांचा झाला, ठिपके शिस्तीत रांगेनं उभे दिसले आणि मधेमधे फुलासारखी गोल नक्षी दिसली, तर ते ऑफसेट. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली दिसतो तसंच, फक्त बारीक. ऑफसेटवाल्याकडे चारच शाया असतात, निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी. बाकी सगळे रंग ठिपके शेजारीशेजारी ठेवून आपल्या डोळ्याला फसवून काढलेले. मधल्या काळ्या गोलात निळे-गुलाबी ठिपके मिसळलेले दिसले तरी निदान तेच. असं निघालं, तर तुमच्याकडे आहे ते पोस्टर. छान छापलेलं असेल, त्यावर चित्रकारानं खरोखर सहीही केलेली असू शकते, तशी काढतात. पण किंमत फार खाली येते.

रझांच्या बाबतीत या ठिपक्याची गंमत आहे. लहानपणी शाळेत त्यांचं चित्त ठिकाणावर नसायचं, म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे पाहत बस म्हणाले, ही आठवण रझा आयुष्यभर सांगत आले. पुढे तोच त्यांचा बिंदू झाला. तुम्हाला मी बरोबर उलटं काम सांगतोय. बिंदूकडे पाहत बसा आणि त्यात ठिपके सापडू नयेत अशी आशा करा.

ठिपके नसतील तर काय दिसेल? केशरी हा केशरीच. सलग, घट्ट, कागदावर चढलेला. सेरिग्राफ म्हणजे ज्या कामावर मी पोट भरलं तेच काम, लग्नपत्रिकेच्या जागी चित्र. चौकटीवर ताणलेलं बारीक जाळीचं कापड, रंग नको तिथली छिद्रं बुजवलेली, आणि वरून रबरी पट्टीनं शाई ओढायची. एका रंगाला एक स्क्रीन. वीस रंगांचं चित्र असेल तर वीस स्क्रीन, आणि शंभर कागदांपैकी प्रत्येक कागद वीस वेळा मांडायचा, वीस वेळा वाळवायचा, दर वेळी तो त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला की आम्ही म्हणायचो, रजिस्टर गेलं. म्हणून दोन रंग भिडतात तिथं तिरप्या उजेडात नीट पाहा. एक रंग दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसेल, त्याची बारीकशी कड उठलेली असेल. काही रंग मंद, काही चकचकीत दिसतील. आकाराच्या तिरप्या कडेला भिंगाखाली जाळीच्या बारीक पायऱ्याही सापडतात. हे दिसलं तर मला आनंद होईल, कारण कोणाच्या तरी खांद्यांनी ते काम केलंय. ऑफिसातून निवृत्त झालेल्या मामाजींनाही ते आवडलं असतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. काही सेरिग्राफमध्ये छटा उतरवायला एखाद्या रंगापुरते ठिपके वापरतात. ते सहसा मोठे असतात आणि एकाच रंगाचे. एका कोपऱ्यात ते दिसले म्हणून लगेच पोस्टर ठरवू नका, सगळं चित्र फिरून पाहा.

तिसरी शक्यता इंकजेट छपाईची. १९९१ मध्ये अमेरिकेत कोणीतरी तिला जिक्ले असं फ्रेंच वळणाचं नाव दिलं आणि तेव्हापासून ती महाग झाली. भिंगाखाली ना रांगा, ना फुलं, ना शाईची कड. रंगीत रेतीची फुंकर मारल्यासारखं, कागदात मुरलेलं दिसतं. हीसुद्धा सही-क्रमांकासह अधिकृतपणे विकली जाते, पण सेरिग्राफच्या भावात तिला घेऊ नये आणि देऊही नये.

एवढं झालं की ७८/१०० कडे वळा. शंभर प्रतींपैकी अठ्ठ्याहत्तरावी, एवढाच त्याचा अर्थ. पुतण्या म्हणेल १/१०० असती तर जास्त आली असती. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून काढलेल्या छापात ते खरं असू शकतं, कारण दाबानं पत्र्यावरची रेघ झिजते आणि सुरुवातीच्या प्रती जास्त टवटवीत येतात. स्क्रीनमध्ये पहिली आणि शंभरावी सारखीच. शिवाय वाळलेले कागद ढिगातून उचलून क्रमांक घालतात, तेव्हा अठ्ठ्याहत्तरावी खरोखर अठ्ठ्याहत्तरावीच छापली असेल असंही नाही. महत्त्वाचा आहे तो खालचा आकडा. तीसची आवृत्ती आणि तीनशेची आवृत्ती यांत फरक पडतोच. आणि शंभर म्हणजे शंभरच असंही समजू नका. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या निघतात, त्यांच्यावर ए.पी. किंवा फ्रेंच पद्धतीनं ई.ए. लिहितात, आवृत्तीच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत. एच.सी. लिहिलेल्या, विक्रीसाठी नसलेल्या प्रतीही असतात. त्याही शेवटी बाजारातच येतात.

आता सही. तिरप्या उजेडात पेन्सिलीचं शिसं किंचित चमकतं आणि रेघेचा दाब कागदात उतरलेला दिसतो. छापलेली सही सपाट असते, आणि ऑफसेटची असेल तर तीही ठिपक्यांचीच. खोडरबरानं घासून बघण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. त्याला भिंगासकट सराफ्यात पाठवा. सही चित्रकाराचीच आहे का, हे मात्र भिंग सांगत नाही. त्याच वर्षांतल्या खात्रीच्या सह्यांशी ताडून पाहावी लागते, आणि हे काम वर्षानुवर्षं त्या सह्या पाहणाऱ्याचं. माझं नाही, सराफाचं नाही, आणि प्रमाणपत्रावर शिक्का मारून देणाऱ्या कुठल्याही दुकानदाराचं तर मुळीच नाही. रझांच्या नावानं बनावट माल किती फिरतो याचा एक किस्सा सांगतो. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला खुद्द रझा आले, भिंती पाहिल्या आणि म्हणाले, ही माझी नव्हेत. प्रदर्शन बंद करावं लागलं. चित्रकार हयात होता म्हणून कळलं. २०१६ च्या जुलैत ते गेले, आता ती सोय राहिली नाही.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट भक्कम आहे, ती म्हणजे २००७ साल. चित्र सहकाऱ्यांनी वर्गणी काढून घेतलं असणार, म्हणजे कोणाच्या तरी फाइलीत बिल असेल. मामाजींच्या त्या वेळच्या मंडळींपैकी कोणी असेल तर फोन करा. कुठल्या गॅलरीतून घेतलं, कितीला घेतलं, सोबत कागद होता का, असं विचारा. निरोपसमारंभाचा फोटो घरात असेलच, आणि त्यात मामाजींच्या हातात हेच चित्र असलं तर तो फोटो कपाटात जपून ठेवा. माझ्या मते एक जुनं बिल आणि एक समारंभाचा फोटो हे चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा वजनदार. प्रमाणपत्र आज छापता येतं, २००७ चा फोटो आज काढता येत नाही. कागदाच्या कोपऱ्यात शाई न लावता नुसता उठवलेला शिक्का असेल, तर तो छापखान्याचा किंवा प्रकाशकाचा असतो. बोटानं नाही, तिरप्या उजेडानं शोधा. फ्रेम कधी उघडली तर कागद उजेडापुढे धरून जलचिन्हही पाहून घ्या. आर्श, फाब्रियानो असल्या नावांचे जाड सुती कागद या कामाला वापरतात.

हे सगळं जमून आलं तरी एक शंका उरते, आणि ती तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. आपल्याकडचे बरेच सेरिग्राफ हे चित्रकाराच्या आधीच्या रंगचित्रावरून निष्णात छपाईवाल्यांनी केलेले असतात. चित्रकार परवानगी देतो, प्रती पाहतो, सही करतो. चित्रकारानं छापण्यासाठीच नव्यानं घडवलेला छाप आणि असा रंगचित्रावरून केलेला छाप, यांत जाणकार फरक करतात आणि त्याप्रमाणे पैसे मोजतात. दुसरा प्रकार खोटा नव्हे. पण "मूळ" हा शब्द आपल्या बाजारात फार सैल वापरला जातो, तेव्हा कोणी तो उच्चारला की कशावरून, असं विचारायचं.

जाता जाता, इतरांसाठी एक. दर महिन्याला मला जुन्या वाड्यांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांबद्दल दोन-तीन पत्रं येतातच. राजा रविवर्म्यांच्या, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याची ती चित्रं दगडावरून छापलेली, घराघरांत जावीत म्हणूनच काढलेली. त्यांवर पेन्सिलीचा क्रमांक नसतो आणि सही चित्रातच छापलेली असते. तुमच्या प्रतीवर पेन्सिलीची सही निघाली, तर आनंदण्याऐवजी सावध व्हा.

आता डागांचं. हा भाग वाचताना भासऱ्यांनाही शेजारी बसवा, कारण खरं नुकसान इथं होतं. तुमचं चित्र दिवाणखान्यात, कूलरच्या समोरच्या भिंतीवर असणार. नागपुरातल्या बहुतेक घरांत चांगली भिंत तीच असते. एप्रिल-मेमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश कोरडी आग, आत खसच्या टट्टीतून येणारी ओली हवा. कागद दिवसा वाळतो, रात्री फुगतो. त्यावर पावसाळा. तपकिरी ठिपके येतात ते याच दमटपणातून, कागदातल्या बुरशीनं आणि अशुद्ध अंशांनी. त्यात फ्रेमवाल्यानं मागे साधा हार्डबोर्ड लावला असेल, तर त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात झिरपतं आणि माउंटच्या कडेनं पिवळी चौकट उमटते. काच कागदाला थेट टेकलेली असेल तर ओल धरून कागद तिला चिकटतोही. आणि कसर. कसरीला कागद आणि गोंद दोन्ही आवडतात.

म्हणून आज एवढंच करा. चित्र भिंतीवरून उतरवा, स्वच्छ चादरीत गुंडाळा आणि आतल्या खोलीत उभं ठेवा. बाहेरची भिंत नको, मोरीची नको, कूलरची नको. जमिनीपासून वीतभर वर असलेलं बरं. डाग पुसू नका, ओला कपडा लावू नका, लिंबाचा किंवा ब्लीचचा कुठलाही उपाय ऐकू नका. डाग काढणं हे कागद-संवर्धकाचं काम आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींचं संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारता येईल. पण आधी किंमत कळू द्या. उपचाराचा खर्च चित्राच्या किमतीवर चढला तर काय उपयोग?

नवी फ्रेम करावी, पण कधीतरी पुढं. आणि तुमच्या डोळ्यांसमोर उघडून. हे सांगताना मला माझंच आठवतं. नव्वदच्या दशकात एक गृहस्थ माझ्याकडं एक छाप घेऊन आले. आणलेल्या फ्रेममध्ये तो बसेना. त्यांनी सांगितलं आणि मी आनंदानं कटर घेऊन खालचा दोन इंच पांढरा समास उडवून दिला. पैसेही घेतले नाहीत, दोन मिनिटांचं काम म्हणून. त्या समासावरच क्रमांक होता आणि सही होती. पट्टी कचऱ्यात गेली. ते गृहस्थ खूश होऊन गेले. मला कळलं कित्येक वर्षांनी. तेव्हापासून मी कोणाच्याही कागदाचा समास कापलेला नाही. समास म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे. पूर्ण ताव जसाच्या तसा असेल तरच पूर्ण किंमत येते, आणि म्हणून मोजतानाही दोन मापं घ्यायची असतात, चित्राचं वेगळं आणि पूर्ण कागदाचं वेगळं. फ्रेमवाला उघडेल तेव्हा कागद कापला, दुमडला किंवा फेविकॉलनं पुठ्ठ्यावर चिकटवला जाणार नाही, सेलोटेप लागणार नाही, एवढं बजावून ठेवा. मागच्या पुठ्ठ्यावरचं गॅलरीचं किंवा फ्रेमवाल्याचं लेबल तो हमखास फेकून देतो. आधी त्याचा फोटो काढा, मग लेबल कापून पाकिटात ठेवा.

आता किंमत. इंटरनेटवर दिसतात ते मागितलेले भाव. मागायला काय, कोणी काहीही मागेल. तुम्हाला हवेत ते झालेल्या व्यवहारांचे भाव, तेही याच आवृत्तीचे: तेच चित्र, तेच माप, तीच शंभरची आवृत्ती, आणि गेल्या तीन-चार वर्षांतले. मुंबईची लिलावघरं आपले जुने निकाल संकेतस्थळावर ठेवतात. ते वाचताना मात्र एक गोची असते. छापलेल्या आकड्यात बहुधा खरेदीदारानं लिलावघराला दिलेलं जादा शुल्क धरलेलं असतं. समजा, तुमच्याच आवृत्तीची एक प्रत १ लाख २० हजारांना गेली असं दिसलं आणि शुल्क २० टक्के होतं. म्हणजे हातोडा पडला तो एक लाखावर. त्यातून विकणाऱ्याकडून १० टक्के कापले तर उरले ९० हजार. नागपूरहून मुंबईला नीट पॅक करून पाठवणं, विमा, फोटो हे वजा करा. त्या प्रतीवर डाग नव्हते आणि तुमच्यावर आहेत, तेही वजा करा. माझे हे आकडे नुसते उदाहरणाचे, पण १ लाख २० हजारांतून हातात ७०-७५ हजार येणं यात नवल काही नाही. मग इंटिरियरवाल्याचे पंचवीस हजार कसे वाटतात? चित्र सेरिग्राफ निघालं तर कमी. पोस्टर निघालं तर तो माणूस उदार आहे, लगेच हो म्हणा.

लिलावघरं फोटो पाहून अंदाज देतात, बहुतेक ठिकाणी मोफत. दोन ठिकाणी पाठवा आणि उत्तर लेखी मागा. अंदाज नेहमी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा येतो. वाटणीसाठी मी खालचा आकडा धरीन आणि त्यातून विक्रीचा खर्च वजा करीन. ज्याला चित्र ठेवायचंय त्यानं उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश इतर दोघांना द्यायचे. वरचा आकडा धरून भांडू नका, तो लिलावाच्या कॅटलॉगसाठी असतो. विम्यासाठी काढलेली किंमतही इथं चालायची नाही. तशीच दुसरी प्रत दुकानातून आणायला काय लागेल ते त्यात धरतात, म्हणून ती चढी असते. आणि कोणालाच ठेवायचं नसेल तर विका. पण माझा अंदाज असा, की पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही त्या काळ्या गोलाबद्दल जे लिहिलंय, ते वाचता चित्र तुमच्याच खोलीत राहावं.

धाकट्या भाऊजींना सांगा, कागद तुमचा असला तरी चित्राचा हक्क तुमचा नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, रझांच्या बाबतीत २०७६ संपेपर्यंत. आठवण म्हणून मोबाइलमध्ये फोटो ठेवायला कोण अडवतंय? पण तीन प्रती छापून, फ्रेम करून तिघांच्या भिंतींवर लावल्या, तर वीस वर्षांनी तुमच्या नातवंडांना खरी कोणती ते सांगायला आपण असू का?

कराचं दोन ओळींत. चित्रं आणि कलाकृती आयकराच्या हिशेबात घरगुती वापराच्या वस्तू ठरत नाहीत, त्यामुळे विकल्यावर भांडवली नफा धरला जातो. दोन वर्षांवरच्या मालकीला सध्या साडेबारा टक्के दर आहे, आणि वारशानं आलेल्या वस्तूत मामाजींची वर्षंही मोजली जातात. मूळ किंमत काय धरायची ते सीएला विचारा. तिथं पुन्हा २००७ चं ते बिल लागेल, म्हणून फोन खरंच करा.

भिंगाखाली काय दिसलं ते मला कळवा आणि फोटो पाठवा: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू, सही आणि क्रमांक जवळून, चारही कोपरे, डाग. शेजारी शाळेची साधी फूटपट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. केशरी पट्ट्याचा एक फोटो भिंगाला मोबाइल टेकवून काढा, तुमच्या पुतण्याला ते सहज जमेल. फ्लॅश मात्र बंद ठेवायला सांगा. मागच्या वेळी सदर भागातल्या एका ताईंनी असेच बारा फोटो पाठवले होते, आणि बाराही फोटोंत काचेवर त्यांच्या दिवाणखान्यातला ट्यूबलाइट तेवढा स्वच्छ आला होता.